प्लास्टर गरम होतं

आर्ट कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी आम्हाला जवळजवळ दर शनिवार-रविवारी एक नवं वर्कशॉप असायचं. कधी लिनोकट, कधी मातीकाम, कधी रद्दीचा लगदा करून कागद बनवणं, कधी गच्चीवर उन्हात ठेवून निळे फोटो छापणं. बाहेरून कुणीतरी यायचं, दोन दिवस शिकवायचं आणि पुढच्या बुधवारी त्याचं सबमिशन. मला हे फार आवडायचं. एका गोष्टीला चिकटून बसणं माझ्या स्वभावातच नव्हतं. नवीन काही दिसलं की हात शिवशिवायचे, आणि समोरचा माणूस बोलत असतानाच मी सुरूही केलेलं असायचं.

लिनोकटमध्ये, म्हणजे रबरासारख्या लादीवर कोरून कागदावर छापतात त्यात, मी तीन तास बसून पप्पांच्या दुकानाची पाटी कोरली आणि छापल्यावर सगळी अक्षरं उलटी आली. उलटं कोरायचं असतं हे म्हणे अगदी सुरुवातीलाच सांगितलं होतं. मातीकामात माझा बैल आतून पोकळ करायचा राहिला. भट्टीत तो फुटला आणि त्याच्या तुकड्यांनी आजूबाजूची चार जणांची कामं गेली. "वाट लावलीस गं आमची," माझी मैत्रीण म्हणाली. ती मढच्या गावठाणातली, कॅथलिक घरातली, वर्गात माझ्या शेजारी बसायची. तिचा मासा गेला होता, खवले एकेक करून कोरलेला. दुसऱ्या दिवशी मी चौघांना वडापाव खाऊ घातला आणि विषय संपला. माझ्या चुका अशाच संपायच्या.

आम्ही घाटकोपरला टेकडीवर राहतो. पप्पा तरुणपणी जालन्याकडून आले, एका कारखान्यात शर्टाच्या कॉलरी शिवल्या आणि मग स्टेशनजवळ एका इमारतीच्या जिन्याखाली स्वतःचं आल्टरेशनचं दुकान टाकलं. एक मशीन, एक स्टूल, भिंतीला खिळ्यांवर टांगलेल्या पॅन्ट्स. कमर कमी करणं, उंची कमी करणं, चेन बदलणं. फाटलेलं त्यांनी रफू केलं की कुठे फाटलं होतं ते शोधून सापडायचं नाही. त्यांची बोटं लांब आणि सरळ आहेत. म्हणजे, होती.

मी आर्टला जाते म्हटल्यावर ते "बघ बाई" एवढंच बोलले होते. विरोध नव्हता. पण दीड वर्षात त्यांनी माझं एकही चित्र हातात घेऊन पाहिलं नव्हतं. मी दाखवलं की दुरूनच मान हलवायचे, जणू हात लावला तर मळेल.

फेब्रुवारीत प्लास्टरचं वर्कशॉप झालं. शिकवायला आलेले मास्तर सिनेमाच्या सेटवर काम करायचे. प्लास्टरचे खांब, महिरपी, देव, सिंह असं सगळं त्यांनी आयुष्यभर ओतलं होतं. पन्नाशीचा बारीक माणूस, भुवया कायम पांढुरक्या. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला प्लास्टरच्या पट्ट्या ओल्या करून स्वतःच्याच मुठीवर गुंडाळायला लावल्या. पातळ थर, दहा मिनिटं. वाळताना तो जरा ऊबदार लागला. दुसऱ्या दिवशी हाताचा अख्खा साचा. त्यासाठी एक गुलाबी पावडर असते. दाताचे डॉक्टर तोंडात चमचा घालून दातांचा ठसा घेतात ना, तीच. ती पाण्यात कालवून बादलीत हात धरायचा, तीन-चार मिनिटांत ती रबरासारखी होते, हात सटकन बाहेर निघतो. मग आतल्या पोकळीत प्लास्टर ओतायचं. मास्तरांनी स्वतःचा हात असा करून दाखवला. साचा फाडल्यावर नखं, रेघा, अंगठ्याजवळची सुरकुतीसुद्धा दिसली.

मी हे सगळं फोनवर शूट करत होते. मास्तर बोलत होते आणि मी त्यांच्या हाताचा क्लोजअप घेत होते.

घरी आल्यावर मी जेवताना बडबडले. हात कसा आला, रेघा कशा आल्या. पप्पा ताटाकडे बघत जेवत होते. मग मान वर न करता म्हणाले, "माझ्या हाताचं होईल का?"

मला आधी कळलंच नाही. "तुमच्या?"

"कुणाचाही चालतो ना? उद्या सोमवार आहे, दुकान बंद."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी आईकडे पाहिलं. मला इतका आनंद झाला की मी लगेच हो म्हणाले. गुलाबी पावडर वर्कशॉपमध्येच संपली आहे, हे मला रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवलं. पण प्लास्टरची अर्धी पिशवी माझ्याकडे उरली होती. मी विचार केला, पावडरीचं काम काय, हाताभोवती घट्ट होणं. प्लास्टरही घट्टच होतं. व्हॅसलीन लावलं की हात निघेल.

सोमवारी दुपारी आई वरच्या नळावर कपडे धुवायला गेली. मी रंगाचा रिकामा प्लास्टिकचा डबा घासून घेतला. लवकर सेट व्हावं म्हणून गरम पाणी वापरलं. त्यात मीठही टाकलं, कारण मिठाने लवकर होतं असं कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं होतं. पप्पांनी स्वच्छ बनियन घातलं होतं. हात साबणाने दोनदा धुऊन आले, नखांत अडकलेला धागा काढला. खाली मांडी घालून बसले.

"कसा धरू?"

"कात्री धरता तसा."

त्यांनी बोटं वाकवून हवेत कात्री धरली. मी व्हॅसलीन चोपडलं. हात मनगटाच्या वरपर्यंत डब्यात बुडवला. पांढरा रबडीसारखा लगदा वर चढून आला.

"थंड आहे का?" मी विचारलं.

"नाही, कोमट. बरं वाटतंय."

पाचेक मिनिटांनी प्लास्टर थिजलं. मी बाजूला वही घेऊन त्यांचा बसलेला आकार काढायला लागले. पप्पा कधी स्थिर बसलेले मी पाहिलेच नव्हते, मशीनवर पाय चालूच असायचा. त्यामुळे मला ते काढताना मजा येत होती.

"गरम होतंय गं," ते म्हणाले.

"होतं तसं. सेट होतंय."

"बरं."

थोड्या वेळाने पुन्हा, "बरंच गरम होतंय."

"पाच मिनिटं थांबा ना पप्पा. आत्ता हललात तर सगळं वाया जाईल."

ते थांबले. मी वहीत त्यांचा खांदा काढत होते. खांदा बारीक थरथरतोय असं मला दिसलं आणि मी ती थरथर रेषेत पकडायचा प्रयत्न केला. त्या थरथरीचं मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. मी ते चित्र काढलं.

आई बादली घेऊन दारात आली आणि तिथेच उभी राहिली. "अहो, काय झालं तुम्हाला?"

मग मी चेहऱ्याकडे पाहिलं. कपाळावरून घाम धार लागल्यासारखा गळत होता. ओठ दाबून दाबून पांढरे झाले होते. डावा हात मांडीत रुतला होता.

"काढा! हात काढा!" आई ओरडली.

हात निघेना. वाकवलेली बोटं दगडात अडकली होती. आई डबा धरून ओढायला लागली, मी दंड धरला. पप्पांच्या तोंडून जो आवाज आला तो मी त्याआधी ऐकला नव्हता, नंतरही नाही. मी डब्याला हात लावला. बाहेरून प्लास्टिकसुद्धा इतकं तापलं होतं की मी हात मागे घेतला.

मी मैत्रिणीला फोन लावला. का तिलाच, माहीत नाही. ती वर्कशॉपमध्ये सगळं लिहून घ्यायची म्हणून असेल.

"पप्पांचा हात प्लास्टरमध्ये अडकलाय."

"कसल्या प्लास्टरमध्ये? पट्टीच्या?"

"नाही. डब्यात. अख्खा."

"किती वेळ झाला?"

मी घड्याळ पाहिलं. "वीस मिनिटं."

ती किंचाळली, "अगं फोड ते! आत्ता! हात शिजेल त्यांचा! मास्तर काय बोलले होते काल?"

मास्तर काय बोलले होते ते मला आठवेना.

आईने शेजारच्या काकांना हाक मारली. ते प्लंबर, नशिबाने घरी जेवायला आले होते. हातोडी आणि छिन्नी घेऊन धावत आले. डबा कापून काढला, मग गोळ्यावर कडेकडेने घाव घालायला लागले. प्रत्येक घावाला पप्पा डोळे मिटायचे. मी पाणी ओतत होते, ते वरून वाहून जात होतं, आत कुठेच पोचत नव्हतं. मध्येच पप्पा म्हणाले, "हळू करा, घाई नाही. आता दुखायचं थांबलंय."

मला इतकं हायसं वाटलं की मी रडायला लागले. आईला म्हणाले, बघ, थांबलं दुखायचं.

शेवटचा तुकडा सुटला तेव्हा हात लाल नव्हता. मी भाजलेला हात म्हणजे लाल, फोड आलेला, असा डोळ्यांपुढे आणला होता. हा पांढरा होता. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मेणासारखं पांढरं. मला वाटलं प्लास्टर लागलंय. मी पाण्याने धुतलं. ते धुतलं जाईना.

पालिकेच्या हॉस्पिटलात एका तरुण डॉक्टर मॅडमनी हात पाहिला, सुईच्या टोकाने करंगळीला टोचलं. "कळतंय?"

"नाही," पप्पा म्हणाले.

"इथे?"

"नाही."

मी मध्येच बोलले, "मॅडम, लाल नाहीये ना, म्हणजे फार भाजलं नसेल. आणि दुखायचंही थांबलंय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आवाज अजिबात चढवला नाही. "लाल असतं आणि दुखत असतं तर बरं होतं. दुखत नाही म्हणजे दुखणारी कातडी आत मेलीये."

मी भिंतीला टेकून खाली बसले. आई माझ्याकडे आली नाही. ती पप्पांच्या पाठीवर हात ठेवून उभी होती, आणि त्या क्षणी तिने माझ्याकडे यावं असं मलाही वाटलं नाही.

भाजल्याची केस म्हणून एक हवालदार जबाब घ्यायला आले. वयस्कर होते, चष्मा पुसत बसले.

"कशाने भाजलं?"

"प्लास्टरने," मी म्हणाले.

"हातावर चढवतात ते? त्याने कसं भाजेल?"

"मी कॉलेजच्या सबमिशनसाठी त्यांचा हात प्लास्टरमध्ये घातला."

त्यांनी लिहिणं थांबवलं. "कॉलेजात असं करायला सांगतात?"

पप्पा खाटेवरून म्हणाले, "साहेब, मीच म्हणालो कर म्हणून. तिची काही चूक नाही. मीच घातला हात."

हवालदारांनी आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि काहीतरी लिहिलं. काय, ते मी वाचलं नाही.

तिसऱ्या दिवशी पहिलं ऑपरेशन झालं. मेलेली कातडी काढली. नंतर मांडीची कातडी काढून हाताला लावली. करंगळी पेरापर्यंत कापावी लागली, शेजारचं बोट राहिलं पण वळेना. पहिल्या ऑपरेशननंतर पप्पा शुद्धीवर आले, पाणी मागितलं, आणि मग विचारलं, "आज बुधवार ना? तुझं ते द्यायचं होतं. झालं का?"

मला वाटलं ते औषधाच्या गुंगीत बोलतायत. पण त्यांनी पुन्हा विचारलं. "हात नीट आला होता का आत? रेघा आल्या होत्या?"

मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले.

त्या आठवड्यात एका दुपारी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून मी फोनमधला व्हिडिओ उघडला. रविवारचा. पडद्यावर मास्तरांचा हात, माझा क्लोजअप, आणि मागून त्यांचा आवाज, स्पष्ट: "एक गोष्ट डोक्यात फिट करा. प्लास्टर गरम होतं. पातळ थराला काही नाही, पण जाड गोळा झाला की उकळत्या भांड्यासारखा तापतो. हात, पाय, तोंड, काहीही सरळ प्लास्टरमध्ये बुडवायचं नाही. कधीच नाही. आमच्या सेटवर एका पोराची बोटं गेली आहेत." त्यावर माझा स्वतःचा आवाज, अगदी फोनजवळ, कुजबुजत: "मास्तर, हात जरा उजेडाकडे घ्या ना."

आणि मास्तरांनी हात उजेडाकडे घेतला होता.

मी तो व्हिडिओ पाच-सहा वेळा पाहिला. दर वेळी वाटायचं, या वेळी आपल्याला ऐकू येणार नाही. दर वेळी ऐकू यायचं.

मैत्रिणीने मास्तरांना कळवलं असावं, दहाव्या दिवशी ते हॉस्पिटलात आले. हातात मोसंबी. पप्पांशी दहा मिनिटं बसून बोलले, सेटवरच्या गमती सांगितल्या. मग मला खूण करून बाहेर घेऊन गेले. मला वाटलं आता खरं ऐकायला मिळणार, आणि मला ते हवं होतं. घरात कुणी मला एक शब्द बोललं नव्हतं.

"मी बोललो होतो ना?" त्यांनी विचारलं.

"बोलला होतात."

"किती वेळा?"

"एकदा."

ते जिन्याच्या कठड्याला टेकले. "मग चूक माझी पण आहे. एकदा बोलून भागत नाही यार. तीस वर्षं काम केलं, एवढं मला समजायला पाहिजे होतं." त्यांचे डोळे भरले होते. मी त्यांना नाही नाही म्हणत राहिले, पण ते ऐकेनात.

मी सहा महिने कॉलेजला गेले नाही. वर्ष वाया गेलं. आई माझ्याशी बोलायची ती कामापुरतं: भाजी आण, पप्पांना पट्टी बांधायची वेळ झाली. एकदा भांडी घासताना ती म्हणाली, "तुला दिसलं नाही का गं त्यांचं तोंड?" रागाने नाही. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हणाले, "मी खांदा काढत होते." तिने हातातलं पातेलं खाली ठेवलं, मोरीतून उठून बाहेर गेली. ती परत यायला बराच वेळ लागला. आल्यावर तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला, ओला, साबणाचा. आम्ही त्यावर नंतर बोललो नाही.

पप्पांचा व्यायाम मी घ्यायचे. स्पंजचा चेंडू दाबणं, ताटलीतली बटणं उचलणं. अंगठा आणि पहिली दोन बोटं वाचली होती, पण कातडी आवळून हात पुरता उघडत नव्हता. पहिलं बटण त्यांनी उचललं ते सत्तावीस दिवसांनी. ते उचलून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवलं आणि लगेच दुसऱ्यासाठी हात पुढे केला.

दुकान पाच महिन्यांनी उघडलं. मशीन ते चालवतात. कात्री धरवत नाही. म्हणून कॉलेज सुटल्यावर मी मेट्रोने परत येते आणि संध्याकाळी तीन तास स्टुलावर बसून कापायचं काम करते. चेन बदलायची कामं आम्ही समोरच्या टेलरकडे पाठवतो. पप्पा शिकवतात, पण शिकवताना भलते तापट आहेत हे मला माहीत नव्हतं. खडूच्या रेघेपासून दोन सूत कात्री ढळली की ओरडतात. इतक्या वर्षांत जेवढे ओरडले नसतील तेवढे या वर्षात ओरडले. मला बरं वाटतं.

कॉलेजात मी आता छपाईचं काम करते. एकच एक, लिनोकट. यंदा मास्तरांनी ज्युनिअर मुलांच्या वर्कशॉपला मला बोलावलं. मी उभी राहिले आणि जे झालं ते सांगितलं, बैलासकट, मिठासकट. मुलं बैलापर्यंत हसली. सांगून झाल्यावर एका मुलीने विचारलं, "ताई, ते ओरडले का नाहीत?"

हा प्रश्न मी स्वतः कधी पप्पांना विचारलाच नव्हता. विचारायची भीती वाटायची.

त्या संध्याकाळी दुकानात एक पॅन्ट उसवता उसवता विचारलं. "पप्पा, त्या दिवशी तुम्ही ओरडला का नाहीत? हात का नाही काढलात आधीच?"

त्यांनी पायडलवरचा पाय उचलला. "मला वाटलं तुझ्या कामात असंच असतं. कारखान्यात शिकत होतो तेव्हा माझ्या बोटातून सुई आरपार गेली होती. वरचा कारागीर म्हणाला, होतं असं, बस खाली. बसलो. शिकलो."

"पण इतकं भाजत होतं तरी?"

"भाजत होतं ना. फार भाजत होतं." ते माझ्याकडे न बघता दोऱ्याचं टोक ओलं करून सुईत घालायला लागले. तिसऱ्यांदा गेलं. "पण तू म्हणालीस पाच मिनिटं थांबा. म्हणून थांबलो."

बाहेर गिऱ्हाईक आलं होतं. पप्पांनी माप घ्यायला टेप उचलला. माझ्या हातात उसवायची पॅन्ट तशीच होती आणि मला शिवण दिसत नव्हती.

"दे इकडे ती," ते म्हणाले, "आणि साहेबांना बसायला स्टूल दे."